पत्र्यावरचे देश

धोंडिराम गायसमुद्रे या माणसाला मी किती ओळखत होतो, याचा विचार गेले काही महिने करतो आहे आणि उत्तर फार थोडं येतं. एकोणीस वर्षं मी त्याच्या गॅरेजात जाऊन बसत होतो. तरी त्याच्या आईचं नाव मला पहिल्यांदा त्याच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर वाचायला मिळालं. त्याला गोड खूप आवडायचं, हेही तिथेच कोणीतरी सांगितलं. माझ्यासमोर तो नेहमी बिनसाखरेचा चहा प्यायचा. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

पार्कसाइटच्या विहारात त्या दिवशी त्याची मुलगी चेतना माझ्यापाशी आली. म्हणाली, "काका, दोन शब्द बोला ना. पप्पा सारखं तुमचं नाव घ्यायचे." मी उठलो, माईक हातात घेतला, "धोंडिराम चांगला मेकॅनिक होता," एवढं म्हटलं आणि पुढे काही सुचेना म्हणून बसलो. तो चांगला मेकॅनिक होता हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जे मला एकट्याला माहीत होतं, ते सांगायचं राहिलं. ते इथे लिहितो. मला लिहायची सवय नाही. गावाला पत्रंसुद्धा बायकोच लिहायची. काही चुकलं तर चेतनाने सांभाळून घ्यावं.

मी भांडुपच्या एका औषध कंपनीत डिस्पॅचला होतो. एकतीस वर्षं खोक्यांवर लेबलं लावली. केनिया, पेरू, व्हिएतनाम. त्यातला एकही देश पाहिला नाही, पण नावं पाठ झाली. निवृत्त झाल्यावर सकाळी घरात पायात येतो असं वाटायला लागलं, म्हणून पेपर घेऊन बाहेर पडायचो. घाटकोपरहून पार्कसाइटकडे चढणाऱ्या रस्त्यावर धोंडिरामची शेड होती. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी, तिन्ही बाजूंनी पत्रा. दाराशी एका जुन्या गाडीची मागची सीट काढून ठेवलेली होती. तिथे सावली असायची. मी एक दिवस तिच्यावर बसलो. त्याने बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. दुसऱ्या दिवशीही बसलो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने एक खोकं माझ्यापुढे धरलं.

"काका, इंग्रजी वाचता ना तुम्ही? हे काय लिहिलंय?"

"मेड इन पोलंड."

"हे कुठं आलं?"

मी सांगितलं, युरोपात, जर्मनीच्या पलीकडे. तो हसला. "आयला. तिथून हा बेअरिंग आला, आणि मी लातूरहून आलो. भेट कुठं झाली, तर घाटकोपरला."

मग त्याने मला आतला पत्रा दाखवला. खोक्यांचे कापलेले तुकडे ओळीने चिकटवले होते. पहिला जपान. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा असताना कुर्ल्याला एका उस्तादाकडे काम करत होता, तेव्हा कापून जपून ठेवलेला. सगळे पंक्चरला लावतात त्या सोल्युशनने चिकटवलेले. एकदा बसला की तो कागद सुटत नाही, पत्र्याचा रंग घेऊनच निघतो. त्याचा एक नियम होता. पार्ट नुसता आला म्हणून देश पत्र्यावर जायचा नाही. पार्ट त्याने स्वतःच्या हाताने बसवायचा, गाडी चालू व्हायची, उतारावरून खाली जाऊन पुन्हा वर यायची, मग कात्री. "गाडी चालली तरच देश आपला," असं तो म्हणायचा.

तेव्हापासून माझं तिथे एक काम झालं. नवीन खोकं आलं की तो हाक मारायचा आणि मी नाव वाचायचो. माझी नात निधी शाळेचा नकाशासंग्रह वापरेनाशी झाली, तो मी गॅरेजात आणून ठेवला. त्याच्या पानांवर लवकरच ग्रीसचे अंगठे उमटले. मोरोक्को, रोमानिया, तैवान, मेक्सिको. एखादं बॉनेट उघडलं की तो मला बोटाने दाखवायचा. "हे वायरिंग मोरोक्कोचं. हा सेन्सर मलेशियाचा. हा पंप झेकचा. त्याच्या आतली चिप तैवानची. गाडी जोडली गुजरातेत. आणि बिघडली कुठं? आपल्या चढावर."

तो एकटाच काम करायचा. पावणेसहा फूट उंच, पण सतत वाकल्यामुळे तेवढा वाटायचा नाही. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या पान्याकडे बघायचा. बायको सोनूबाई चेतना दहावीला असतानाच गेली. चेतनाने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि कांजूरमार्गला एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागली. गाडीला लॅपटॉप जोडून दोष शोधायचं काम. तिच्या पहिल्या दिवशी धोंडिरामने पेढे वाटले होते. स्वतः खाल्ला का ते आठवत नाही.

त्याच आठवड्यात त्याने बोर्ड रंगवून घेतला. पिवळ्यावर निळी अक्षरं, 'धोंडिराम ऑटो वर्क्स'. त्याच्याखाली वीतभर जागा कोरी. पेंटर म्हणाला, मिस्त्री, खाली काहीतरी टाका, उघडं दिसतंय. धोंडिराम म्हणाला, "तिथं पोरीचं नाव येणार आहे. आत्ता टाकलं तर चिडेल."

त्याच्या मनात एवढीच एक गोष्ट होती. चेतनाने गॅरेज घ्यावं. नव्या गाड्यांचं तिला कळतं, जुन्याचं त्याला कळतं, हात त्याचे, लॅपटॉप तिचा. तो हे माझ्याशी बोलायचा, तिच्याशी नाही. तिच्याशी बोलायला गेला की भांडण व्हायचं. तिची सुटी मंगळवारी असायची. असाच एका मंगळवारी, दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात, मी सीटवर बसलेला असताना त्यांचं जे बोलणं झालं ते मी ऐकलं. मी उठून जायला हवं होतं.

"पप्पा, तुम्हाला वाटतं लॅपटॉप माझा आहे. तो कंपनीचा आहे. आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं. मी नोकरी सोडली ना, त्या दिवशी संध्याकाळी माझा पासवर्ड बंद होतो. मग मी इथे येऊन काय करू? पाने पुसू?"

"बाजारात मिळतात की मशिनी. मी नाही का आणली एक."

"ते खेळणं आहे. ते फक्त सांगतं काय दुखतंय. औषध द्यायची परवानगी नाही त्याला."

"तू इथं असलीस की—"

"अहो, उद्या बॅटरीच्या गाड्या येतील. इंजिनच नसणार त्यांना."

"चाकं असतील ना?"

ती हसली. त्याच्या खांद्याला हात लावला, मग त्या हाताला लागलेलं काळं बघून त्याच्याच शर्टाला पुसलं. "बरं, ऐका. मला मार्चपर्यंत वेळ द्या. मार्चमध्ये सांगते. हो किंवा नाही. तोपर्यंत विषय काढायचा नाही. काकांच्या समोर कबूल करा."

"कबूल," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने मला विचारलं, "काय वाटतं तुम्हाला?" मी म्हणालो, होईल. मला तसं काही वाटत नव्हतं. पण तो पान्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

पुढे जे झालं त्यात माझा हात आहे. हेच मी विहारात बोललो नाही.

जानेवारीत माझा मुलगा नितेश याची गाडी एका सकाळी सुरू होईना. पांढरी, लहान, डिझेलवरची, सहा वर्षं जुनी. किल्ली फिरवली की काट्यांच्या बाजूला एक लाल किल्लीचं चित्र लुकलुकायचं आणि बस. नितेशला त्याच दिवशी ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला जायचं होतं. तो म्हणाला, "बाबा, परत आलो की सर्व्हिस सेंटरला फोन करतो. तुम्ही त्या धोंडिरामला हात लावू देऊ नका हं. ही त्याला झेपणारी गाडी नाही."

मी हो म्हणालो, आणि तो गेल्यावर धोंडिरामकडे गेलो. मला वाटलं, अशी एक गाडी त्याच्या हातून नीट झाली, तर मार्चमध्ये चेतनाला सांगता येईल. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं. "हे तुझ्या हातून झालं ना धोंडिराम, तर पोरीला दाखवू." तो लगेच दोर घेऊन आला. उतार असल्यामुळे गाडी ढकलत आणायला त्रास झाला नाही.

त्याने त्याची मशीन लावली. मशीनने ईसीएमचं नाव सांगितलं. ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू, असं त्याने मला पूर्वी समजावलं होतं. वहीएवढा ॲल्युमिनियमचा डबा असतो. धोंडिराम त्याला डबाच म्हणायचा. आता डबा खरंच बिघडलाय, की डब्याकडे येणारी एखादी वायर तुटलीय, हे मशीन सांगत नव्हतं.

त्यावर त्याच्याकडे एक उपाय होता. उस्तादाने शिकवलेला, आणि मला वाटतं मुंबईतल्या प्रत्येक जुन्या मेकॅनिकने आयुष्यभर वापरलेला. शेजारी त्याच जातीची चांगली गाडी उभी असेल तर तिचा पार्ट काढायचा, बिघडलेल्या गाडीला लावायचा. चालू झाली तर दोष पार्टात. नाही झाली तर दोष दुसरीकडे. मग ज्याचा पार्ट त्याला परत. दहा मिनिटांचं काम, कोणाचं काही जात नाही. यासाठी कोणी मालकाला विचारतसुद्धा नाही. टॅक्सीच्या काळात डिस्ट्रिब्युटरचं झाकण, कार्बोरेटर, कॉइल, सगळं असंच बघायचे.

त्या दिवशी शेडमध्ये जयवंतची गाडी उभी होती. जयवंत पार्कसाइटवरचाच, ॲपवर टॅक्सी चालवतो. त्याची गाडी नितेशच्या गाडीची जुळी बहीण. तोच रंग, तेच साल. ब्रेक करायला दिली होती आणि तो घरी जेवायला गेला होता.

धोंडिरामने दोन्ही डबे सोडवले आणि माझ्यासमोर त्या सीटवर शेजारी शेजारी ठेवले. "काका, चष्मा लावा. नंबर नीट वाचा. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

मी वाचला. दहा आकडे आणि दोन अक्षरं. एकदा वाचला, मग बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचला. एकतीस वर्षं हेच काम केलं होतं.

"सेम आहे?"

"सेम. दोन्हींवर एकच नंबर. दोन्हींवर हंगेरी."

"हंगेरी!" त्याचा चेहरा उजळला. "हंगेरी नाही आपल्याकडे. कधीपासून बघतोय मी. काका, हा डबा बसू दे, हंगेरी येतो पत्र्यावर."

त्याने जयवंतचा डबा नितेशच्या गाडीला लावला. किल्ली फिरवली. लाल किल्ली लुकलुकली. पुन्हा फिरवली. बॅटरीची वायर काढून पाच मिनिटं थांबला, परत लावली, परत फिरवली. पाच-सहा वेळा तरी. "डबा नाही मग. वायरिंगच," तो म्हणाला, आणि जरा खूशच झाला, कारण वायरिंग त्याला जमत होतं. त्याने जयवंतचा डबा काढला, जयवंतच्या गाडीत परत घातला, आणि सहज म्हणून तिची किल्ली फिरवली.

तिच्यातही लाल किल्ली लुकलुकायला लागली.

तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी बाहेर उभा होतो. मला वाटलं, थोड्या वेळाने होईल. तो उतरला, मला म्हणाला, "नंबर परत वाचा." मी परत वाचला. तोच होता. मग त्याने नितेशचा डबा नितेशच्या गाडीत परत घातला आणि किल्ली चालू ठेवूनच तिची वायर पुन्हा पुन्हा काढून-लावून बघितली.

चेतनाने नंतर मला समजावून सांगितलं. डब्यावरचा नंबर फक्त डब्याची जात सांगतो. आत आणखी एक नंबर असतो, तो बाहेर कुठेच छापलेला नसतो. त्या नंबराने डबा आपली गाडी आणि आपली किल्ली ओळखतो. परक्या गाडीत घालून पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली की त्याला वाटतं चोरी झाली, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. मग तो आपल्या स्वतःच्या गाडीलाही ओळखत नाही. ती म्हणाली, "काका, लेबल बघून कळतच नाही ते. तुमची चूक नाही." पण वाचलं मीच होतं.

जयवंत जेवून आला, दात कोरत. "झाले का रे ब्रेक, मिस्त्री?"

धोंडिरामने त्याला सगळं सांगितलं. जसं झालं तसं, काही न लपवता. माझं नाव मात्र घेतलं नाही. मीही पुढे होऊन काही बोललो नाही.

"म्हणजे? माझी चालू गाडी?" जयवंत म्हणाला. "मी ब्रेकला दिली होती ना यार! डब्याला कोणी हात लावायला सांगितला तुला?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं! वाट लावलीस माझी. चाळीस वर्षं झाली तुला या धंद्यात, काय उपटलंस?"

धोंडिराम पान्याकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्या क्रेनने कांजूरमार्गला गेल्या. एका पाठोपाठ एक. धोंडिराम क्रेनवाल्याच्या शेजारी बसून गेला आणि मला घरी जा म्हणाला. पण मी रिक्षाने मागून गेलो. सर्व्हिस सेंटरमध्ये काचेच्या पलीकडे लोक बसायची जागा आहे, तिथून आत दिसतं. चेतना निळ्या गणवेशात होती. तिने दोन्ही गाड्यांना आळीपाळीने लॅपटॉप जोडला. मग फोनवर कोणाशी तरी बोलली. मग बाहेर येऊन बापासमोर उभी राहिली. तिच्या हातात कागद होता.

"पप्पा, दोन्ही डबे गेले. नवीन मागवावे लागतील."

"काकांची गाडी तर आधीच—"

"त्यांचा डबा चांगला होता. किल्लीतली चिप गेली होती, बस. दहा मिनिटांचं काम होतं. पण तुम्ही वायर काढून-लावून त्यांच्या डब्याचीपण वाट लावलीत." हे ती हळू बोलली. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. "आणि कारण लिहावं लागतं. इथे एक रकाना असतो. 'अनधिकृत ठिकाणी छेडछाड'. असंच लिहावं लागतं, दुसरा शब्दच नाही यादीत. खाली माझी सही. गॅरेजचं नावपण मागतात."

"मग लिही की."

"पप्पा."

"खरं आहे ते. लिही. स्पेलिंग बरोबर लिही."

तिने तिथेच, काउंटरवर कागद ठेवून लिहिलं. तिचं लिहून संपेपर्यंत तो तिच्या हाताकडे बघत होता. परत येताना आम्ही दोघं एकाच रिक्षात होतो. कांजूरच्या डंपिंगवरच्या कचऱ्याचा वास येत होता. तो एकदाच बोलला, "अक्षर चांगलंय तिचं."

नितेश हैदराबादहून आला तेव्हा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. मग बोलायला लागला. तो वाईट नाही.

नवीन डबे देशात कुठल्याच गोदामात नव्हते. हंगेरीहून निघायचे होते. विमानाने यायला हवे होते, पण कंपनीने बाकीच्या मालाबरोबर जहाजाने पाठवले. त्या महिन्यात तांबड्या समुद्रातून जहाजं येत नव्हती, गोळीबार चालला होता. सगळी आफ्रिकेला वळसा घालून येत होती. चेतनाने बापाला फोनवर एवढं सांगितलं, आणि धोंडिरामने निधीचा नकाशासंग्रह उघडून माझ्या पुढ्यात ठेवला. "दाखवा." मी बोटाने दाखवलं. हंगेरीला समुद्रच नाही, तेव्हा आधी रेल्वेने किंवा ट्रकने बंदरापर्यंत. मग खाली, खाली, आफ्रिकेच्या टोकापर्यंत. मग वर. त्याने पेन्सिलीने रेघ मारली.

जयवंत रोज येऊ लागला. गाडी नाही, तर करणार काय. शेडच्या दाराशी टायरवर बसायचा आणि मोबाइल बघायचा. शिव्या पहिल्याच दिवशी संपल्या होत्या. आता फक्त एक प्रश्न असायचा.

"काय मिस्त्री, जहाज कुठवर आलं?"

पहिले काही दिवस धोंडिराम उत्तर द्यायचा. "आफ्रिकेला लागलं असेल." जयवंत म्हणायचा, "अच्छा. तिथल्या कोणाच्या गाडीचा डबा नको काढून बघूस हां." तिथे जो कोणी उभा असेल तो हसायचा. हळूहळू लोकांना ती गोष्ट कळली. गाडी द्यायला आलेला माणूस दाराशी जयवंतला बघायचा, त्याच्याकडून ऐकायचा आणि पुढे जायचा. जयवंत मुद्दाम करत नव्हता. कोणी विचारलं तर सांगायचा. मी त्याला एकदा म्हणणार होतो की बाबा, उद्यापासून येऊ नकोस. म्हणालो नाही. त्याचीही मुलं शाळेत होती.

फेब्रुवारीच्या शेवटी डबे आले. चेतनाने दोन्ही बसवले, कुठल्याशा देशातल्या संगणकाकडून ऑनलाइन परवानगी घेतली, आणि अर्ध्या तासात दोन्ही गाड्या चालू झाल्या. जयवंत त्याची गाडी घेऊन चढावरून गेला तेव्हा थांबला नाही. हॉर्न मात्र दिला. तो कोणासाठी होता ते कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी चेतना गॅरेजात आली. पर्समधून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. खोक्याचा कापलेला, चौकोनी, सरळ कडांचा. 'मेड इन हंगेरी'.

"पप्पा, तुमच्यासाठी ठेवलं."

त्याने घेतला. बघितला. "हे मी बसवलेलं नाही," तो म्हणाला, आणि ग्रीसच्या डब्याखाली ठेवून दिला. सोल्युशनची ट्यूब तिथेच होती. चेतना ते बघत होती. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

मार्च उजाडला. मी दिवस मोजत होतो, पण विषय काढायचा नाही असं माझ्यासमोर ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात एका सकाळी गेलो तर शिडी लावलेली आणि पेंटर वर. बोर्डावरची ती कोरी वीतभर जागा भरत होता. मी खाली उभं राहून अक्षरं पूर्ण व्हायची वाट बघितली. 'येथे गाडी धुऊन मिळेल'.

मंगळवारी चेतना आली ती रस्त्याच्या पलीकडेच थांबली. तिने बोर्ड वाचला. मग रस्ता ओलांडून आत आली. धोंडिराम पाइप गुंडाळत होता.

"पप्पा, मी अजून काही सांगितलं नव्हतं."

"हो ना."

"मार्च संपला नव्हता."

"चहा घेतेस? काकांनापण सांग."

"मी काय सांगणार होते, ते तरी विचारा."

तो पाइप गुंडाळत राहिला. नवीन पाइप होता, सारखा पीळ घेत होता. "तिकडचं काम चांगलंय तुझं," तो म्हणाला. "एसीत आहेस. कोणी टायरवर येऊन बसत नाही."

ती चहा न घेता गेली. ती काय सांगणार होती ते मला ठाऊक नाही. विहारात विचारावंसं वाटलं होतं. आता विचारून कोणाला काय मिळणार?

त्यानंतर आठ महिने त्याने गाड्या धुतल्या. पाने एका मोठ्या पेटीत घालून पेटीवर पोतं टाकलं होतं. कधी कोणी जुना माणूस जुनी गाडी घेऊन यायचा, "मिस्त्री, जरा आवाज ऐक ना इंजिनाचा." धोंडिराम ऐकायचा, काय झालंय ते बरोबर सांगायचा, आणि दुसऱ्या गॅरेजाचा पत्ता द्यायचा. मी मात्र नितेशची गाडी दर रविवारी त्याच्याकडे धुवायला न्यायचो. मला चालवता येत नाही. नितेशच आणून लावायचा आणि भाजीला जायचा, मी सीटवर बसायचो. आम्ही बोलायचो ते पाण्याविषयी. कोणत्या वेळेला येतं, किती जोर असतो. देशांविषयी पुन्हा कधी बोलणं झालं नाही. नकाशासंग्रह पाण्याने फुगेल म्हणून मी घरी नेला. पेन्सिलीची रेघ त्यात आहे.

नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी, कामाला निघताना चपला घालता घालता तो घरातच बसला आणि गेला. शेड मालकाने पंधरा दिवसांत उतरवली. चेतनाला तो देशांचा पत्रा हवा होता. ती आणि मी गेलो तेव्हा जागा झाडून ठेवलेली होती. पत्रे भंगारवाल्याने नेले होते. किती देश होते, एकतीस की बत्तीस, यावर आमचं एकमत झालं नाही. हंगेरी धरून की सोडून, असा प्रश्न होता. तो ग्रीसचा डबाही गेला.

आमचं शेवटचं बोलणं आदल्याच दिवशी, रविवारी झालं. काही विशेष नव्हतं. नितेश गाडी लावून गेला होता. धोंडिरामने पाइप हातात घेतला आणि मला म्हणाला,

"काका, काच वर आहे ना? पाणी आत जाईल."

"आहे."

"मागची?"

मी उठून बघितलं. "मागचीपण आहे."

"मग सरका थोडं. उडेल अंगावर."